ड्रमचा फोटो मी हटवणार नाही

मंडळी, आज सकाळी माझ्या दिराने मला फोनवर चांगलंच झापलं.

जुळे सोलापूरमधला आमचा वरचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय. गेल्या आठवड्यात मी हॉलचा एकच झकास फोटो टाकला होता. लाइक भरपूर आले, पण घर बघायला कुणीच आलं नाही. म्हणून काल आठ फोटो टाकले. पाचव्यात गॅलरीत ओळीने मांडलेले पाण्याचे चार निळे ड्रम.

दीर दुकानांची फेसबुक पेजेस सांभाळतो. म्हणाला, "वहिनी, एवढे फोटो कोण सरकवत बसतंय? आणि ड्रम कशाला दाखवायचे? लाज जाते की!"

कसली लाज? पाणी रोज येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे.

लाइक खरंच कमी आले. पण खाली प्रश्न आले. ड्रम घरासोबत मिळणार का? पाणी किती वेळ असतं?

दुपारी जेऊरच्या एक नर्सताई आपल्या आईला घेऊन आल्या. आई हॉलमध्ये थांबल्याच नाहीत. सरळ गॅलरीत जाऊन त्यांनी ड्रमची झाकणं उघडून बघितली.

"बाकीच्यांनी नुसता हॉल दावला," त्या म्हणाल्या. "पाण्याचं इचारलं की गप. तुमी न इचारता दावलं."

घर तिथेच ठरलं.

भाऊजी, वाचताय ना? घर ठरलं तरी पाचवा फोटो राहणार. उलट आता नववा टाकलाय, आजच्या कोरड्या नळाचा.

तुमच्याकडे पाणी कितव्या दिवशी येतं? फोटोसकट सांगा.