तेल खाली उतरेपर्यंत

निरोप आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर अपूर्णांक सोडवत होतो. मधल्या सुट्टीत फोन उघडला, तर आमच्या समाजाच्या ग्रुपवर भाईदासनानांचा हार घातलेला फोटो आणि खाली ओळीने जोडलेले हात. सकाळी गॅरेजचं शटर वर करता करता नाना खाली बसले, ते उठलेच नाहीत. मीही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि तासावर गेलो. त्याहून जास्त काहीतरी लिहायला हवं होतं. ते लिहायला मला पाच आठवडे लागले... खरं म्हणजे सहा वर्षं.

नाना मूळचे शिंदखेड्याकडचे. सुरतेत आले ते कापडाच्या लूमवर कामाला. तिथल्या विजेच्या मोटारी उघडता उघडता चारचाकीकडे वळले आणि डिंडोलीत घरापुढेच पत्र्याची शेड टाकून बसले. दोन गाड्या मावतील एवढी कोबा केलेली सपाट जागा, मागे अवजारांच्या खोलीला शटर. तिथे त्यांचा एकच नियम होता. गाडी सपाट जागेवर उभी करायची, इंजिन बंद करायचं आणि दहा मिनिटं काही म्हणजे काही करायचं नाही. "बठा सर. तेल खाले उतरू द्या, मंग दखू." इंजिन चालू असताना तेल वरपर्यंत फिरत असतं, ते खाली जमल्याशिवाय डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, खरं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात घरातून वहिनींचा, नानांच्या बायकोचा, चहा यायचा, गावाकडच्या गोष्टी निघायच्या. घाईची गिऱ्हाइकं वैतागायची. मी तर मास्तर, मनातल्या मनात हसायचो. तेल मोजायला कसली आलीय पूजा!

मी जुनी का होईना, गाडी घेतली तेव्हा घरात सगळ्यांनाच तिचं कौतुक. दर रविवारी बाजार करून आलो की दारात गाडी थांबवून लगेच बॉनेट उघडायचो, डिपस्टिक ओढायचो. तेल खालच्या खुणेशी दिसायचं. डबा आणायचो, थोडं ओतायचो. गावी निघायच्या आदल्या दिवशी तर हमखास. आमच्या आईने पाहुण्याच्या ताटात 'अजून एक' म्हणून वाढावं, तसंच ते होतं. गाडी उपाशी राहू नये, एवढीच भावना.

नानांनी सर्व्हिस केल्याला दोनेक महिने झाले आणि गाडी धूर सोडायला लागली, उड्डाणपुलावर चढताना कण्हायला लागली. धूळ झटकावी म्हणून मी एअर फिल्टरचा डबा उघडला, तर आतली कागदी जाळी काळ्या तेलाने चिंब. जिथून इंजिनात हवा जायची तिथे तेल! माझं डोकंच फिरलं. नानांना एका शब्दाने न विचारता मी शाळेत सांगितलं, भेस्तानला एका लग्नाच्या पंगतीत सांगितलं, "नानांनी माझ्या गाडीचा पार तेलघाणा केला." लोक हसले. आमच्या लोकांत सरांनी सांगितलं म्हणजे ते खरंच असतं... याचा त्या दिवशी मला जरा अभिमानच वाटला होता.

मग मोठ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने हवेच्या नळीत बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, एन्जिन खोलवुं पडशे." इंजिन खोलायचं म्हटल्यावर माझा धीर सुटला. तोंड लपवत नानांकडेच आलो. माझे शब्द त्यांच्या कानावर गेलेले होते; ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, बोलण्यावरून नाही. "काय व्हयनं, सर?" एवढंच त्यांनी विचारलं आणि म्हणाले, "बठा."

दहा मिनिटं. चहा आला. मग त्यांनी डिपस्टिक पुसून परत घातली आणि काढून माझ्यासमोर धरली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. दर रविवारी मी ओतलेलं तेल होतं ते. नाना शांतपणे सांगत होते. तेल जास्त झालं की आतला फिरता दांडा ते घुसळतो, त्याचा फेस होतो आणि वाफेबरोबर ते हवेच्या नळीत चढतं. नळीतला छोटा व्हॉल्व्ह काढून त्यांनी कानाशी हलवला. तो खुळखुळायला हवा होता. चिकट काळ्या गाळाने मुका झाला होता. तो बदलला, जादा तेल काढलं, हवेचा सगळा रस्ता पुसून घेतला, नवी जाळी बसवली. शेवटी इंजिन चालू करून तेल ओतायच्या तोंडावर झाकण नुसतं उलटं ठेवलं; इंजिन झिजलं असतं तर आतल्या दाबाने ते उडालं असतं. ते थरथरलं, पण उडालं नाही. "इंजिन चांगलं से," ते म्हणाले. पंधरा दिवसांनी बोलावून नळीत स्वच्छ फडकं फिरवलं, कोरडं निघालं.

मी म्हटलं, "नाना, चूक माझीच होती. मी सगळ्यांना सांगतो." त्यांनी हात पुसले. "जाऊ द्या सर. गाडी चांगली से, हाई बस से." त्यांनी सोडून दिलं आणि मी ते सोयीने उचललं. शाळेत सांगितलं नाही, समाजात सांगितलं नाही. पुढे शेडमधली एक जागा रिकामीच दिसायला लागली. ओळखीच्या गाड्या मोठ्या रस्त्याला वळायला लागल्या. मी मात्र सहा वर्षं त्याच कोब्यावर बसून चहा प्यालो.

दहाव्याला तापीच्या घाटावर आम्ही उभे होतो. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "माणूस देवासारखा, पण हाताला सफाई नव्हती. आपल्या सरांच्याच गाडीची वाट लावली होती ना?" त्याने माझ्याकडे पाहिलं. वहिनी चार पावलांवर होत्या. मी नदीकडे पाहिलं... आणि गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही झोपू देत नाही. म्हणून इथे, छापून, सांगतो. नानांनी माझी गाडी बिघडवली नाही. ती मी बिघडवली होती, आणि नानांनी ती दुरुस्त केली.

हे लिहायच्या आधी, गेल्या रविवारी, शेडवर गेलो. शटर बंद होतं. कोब्यावर गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि बसून राहिलो. वहिनी आतून चहा घेऊन आल्या, नेहमीसारख्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पदराने कोब्यावरची धूळ उगीच झटकत म्हणाल्या, "माले माहीत व्हतं. तुमना नाना म्हनेत, सर एक दिवस सांगतीन."

चहा गार झाला. दहा मिनिटं झाल्यावर उठलो, बॉनेट उघडलं, डिपस्टिक पुसून पाहिली. तेल बरोबर खुणेवर होतं. ते नानांना दाखवायला मी मागे वळलो, आणि मग बॉनेट लावून घेतलं.