शनिवारची कणीक

माझे बाबा ठाकुर्लीच्या मारुती मंदिरात दर शनिवारी पखवाज वाजवायचे. ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते तेव्हापासूनचा हा नेम. भजनी मंडळात सात-आठजण, बहुतेक कोकणातून आलेले आणि आता सगळेच रिटायर झालेले. गाणारे बुवा त्यांच्यात वयाने मोठे.

काही वर्षांपूर्वी बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मी घोडबंदर रोडला राहते, रोज जाणं जमत नाही. औषधं, फिजिओथेरपी, सकाळी येणारी बाई, एवढं लावून दिलं आणि रविवारी जात राहिले.

बाबा भजनाला मात्र जात होते. मग एका शनिवारी अभंग रंगात आला असताना त्यांचा हात निसटला आणि ताल चुकला. बुवांनी ओळ लांबवून सांभाळून घेतलं. बाबांनी घरी येऊन पखवाजाला गवसणी घातली आणि आईला म्हणाले, "देवासमोर चुकीचं वाजवायचं नाही." मंडळाला त्यांनी खांदा दुखतोय असं कळवलं. त्यानंतर ते खिडकीपाशी बसून राहायचे. जेवण कमी झालं. आईशीही कामापुरतंच बोलायचे.

महिनाभराने बुवा घरी आले तेव्हा मी तिथेच होते. दोन जिने चढून त्यांना धाप लागली होती. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती दिवस दुखणार आहे रे तुझा खांदा?"

बाबांनी हात पुढे केला. "बघा ना बुवा. ह्याने वाजवू?"

"नको वाजवूस. तुझ्या जागी टाळवाला वाजवतोय की. पण त्याला पखवाज सुरात लावता येत नाही. देवळातला जुना काढलाय, तो नुसता बद्द वाजतो. तू येऊन लावून दे."

"हातोडी धरवत नाही मला."

"हातोडी तो मारेल. कुठे मारायची ते तू सांग. आणि कणीक मळ. त्याची कणीक वाळून गळून पडते."

पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापतात, त्याशिवाय आवाजाला घुमारा येत नाही. फार घट्ट झाली तर सुटते, सैल झाली तर पसरते. बाबांनी हात मागे घेतला. मग आईच आतून म्हणाली, "मळतील ते. घरी तरी काय करतायत?"

त्या शनिवारी संध्याकाळी मंडळातले दोघे न्यायला आले. एक काका पुढे, एक मागे, मध्ये बाबा, असे ते जिना उतरले. त्या आठवड्यात मी रविवारऐवजी शनिवारीच आले होते, बाबांचा पखवाज घेऊन मागून गेले. देवळात बाबांनी परातीत कणीक मळली. हात थरथरत होता, पण कणकेला त्याचं काही वाटत नव्हतं. मग कान पखवाजाजवळ नेऊन, चामड्याच्या पट्ट्यांखालच्या लाकडी ठोकळ्यांकडे बोट दाखवत ते टाळवाल्या काकांना सांगत गेले, "इथला गट्टा जरा खाली घे. अजून. बस." भजनभर ते टाळवाल्या काकांच्या शेजारी बसले आणि मांडीवर बोटांनी ताल धरत राहिले. त्या रात्री ते नीट जेवले, असं आईने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तीही बाबा देवळात होते तेवढा वेळ गाढ झोपली होती. ती किती दमलीय हे तिने मला पहिल्यांदाच बोलून दाखवलं.

पुढे ते ठरूनच गेलं. शनिवारी कोणीतरी न्यायचं, कोणीतरी आणून सोडायचं. आईला ताप आला तेव्हा मंडळातल्या काकूंनी आपसात ठरवून आठवडाभर डबा दिला. मला हे आई बरी झाल्यावर कळलं.

आता बाबांना जिना उतरवत नाही. महिन्यातून एकदा भजनच आमच्या घरी होतं. चपलांनी जिना भरतो. बाबा मध्येच झोपतात, जाग आली की चालू असलेल्या अभंगात शिरतात, कधी वेगळीच ओळ म्हणतात. मग बुवाही ती ओळ घेतात आणि बाकीचे त्यांच्या मागे जातात.

एकदा मी बुवांना जिन्यापर्यंत सोडायला गेले होते. म्हटलं, "तुम्ही सगळे इतकं करता, मला कसे आभार मानावे कळत नाही."

ते कठड्याला धरून उभे राहिले. "आभार कसले? आज त्याला लागतंय, उद्या आम्हाला लागेल. तेव्हा येशील ना?"

मी हो म्हटलं.

गेल्या महिन्यात टाळवाल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांचा मुलगा परदेशात असतो. मी ऑफिसातून सुट्टी घेतली, त्यांना गाडीतून कल्याणला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी घरी आणून सोडलं. वाटेत डोळ्यावर पट्टी असताना ते मला एकच विचारत होते, शनिवारपर्यंत वाजवायची परवानगी मिळेल का.