किल्ल्याला टेकलेलं घर

बायको जाऊन वर्ष झालं, आता कबूल करायला हरकत नाय. लग्न ठरवताना मी सासऱ्यांना सांगितलं होतं, घर तारापूरच्या किल्ल्याला लागून हाय, आणि गाव म्हणजे मुंबईची कडच. अणुभट्टी तेव्हा व्हायची होती. गाडीतून बोईसरला उतरून पुढे टांगा करावा लागतो, घर कुडाचं हाय, हे कोणी विचारलं नाय आणि मी सांगितलं नाय.

ती दादरची. पहिल्याच दिवशी कंदील पुसत तिने विचारलं, "अहो, राणीचा महाल कुठल्या बाजूला?"

दोन महिन्यांनी तिचा थोरला भाऊ तिला कायमची न्यायला आला. मी दारात उभा. अडवणार कुठल्या तोंडाने?

ती किल्ल्याच्या ढासळलेल्या तटावर जवळा वाळत घालून, काठी घेऊन कावळे हाकत होती.

"चल, पेटी भर," भाऊ म्हणाला.

"कशी येऊ, दादा? जवळा अजून ओला आहे."

"भावोजी राखतील."

"हे? कावळ्यांनी विचारलं तर बसा, जेवून जा म्हणतील."

भाऊ हसला. संध्याकाळी तिने वाळलेला जवळा गोळा केला, अर्धा पुडीत बांधून त्याच्या हातात दिला.

"आईला दे. म्हणावं, माणूस थापाड्या आहे, पण मी राहते."

मी त्याला बोईसरला सोडायला गेलो. तो परत फिरू नये म्हणून गाडी दिसेनाशी होईपर्यंत फलाटावरून हललो नाय.