काटा गप का हाय?

आमच्या आप्पांना लाल रंगाचं काही वाटायचं नाही. रांजणगावच्या एका कारखान्यात आम्ही दोघं नेटवर्क सांभाळायचो. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर गेट, गोदाम, कॅन्टीन, सगळीकडच्या मशिनींचे मेसेज दिवसभर ओळीनं पडत राहायचे. हा बंद पडला, तो चालू झाला, ह्याला ताप आलाय. लाल ओळ दिसली की मी खुर्चीतून उडायचो. आप्पा चष्मा पुसत विचारायचे, "वरडतंय त्ये ऱ्हाऊ दे. गप कोण हाय?"

आप्पा दौंडकडचे. लहानपणी वडिलांच्या मेंढरांमागं हिंडलेले, आणि मशिनींच्या मेसेजांची नोंद, म्हणजे लॉग, वाचायचे तीही तशीच. "जी मेंढी वरडती तिला फार तर भूक लागली आसंल. गप झाली ती लांडग्यानं नेली."

मला नकलांचं वेड. आप्पांचा आवाज तर असा काढायचो की एकदा त्या आवाजात फोन करून इलेक्ट्रिशियन मामांना शिडीसकट गेटपर्यंत पळवलं. आप्पांना कळलंच. म्हणाले, "आवाज माझा काढतोस, तशी अक्कल बी कुठनं तरी काढ."

ती काही निघाली नाही. गाड्यांच्या वजनकाट्याला नेटवर्कशी जोडणारा डबा, म्हणजे तिथला स्विच, अस्सल रडका. दिवसातून शंभरदा 'गेलो, आलो, गेलो, आलो'. एक दिवस पुण्याहून मोठे साहेब येणार होते. स्क्रीन हिरवीगार दिसावी म्हणून, आप्पा सकाळच्या चहाला गेल्यावर, मी त्यांच्याच उघड्या लॉगिनवरून त्या रडक्याचे मेसेज बंद करून टाकले. साहेब आले, स्क्रीन बघून खूश. चहानंतर गोदामात फेरी मारून आलेल्या आप्पांनी मात्र दारातनंच विचारलं, "काटा गप का हाय?"

तेवढ्यात गेटवरनं फोन. काट्याचा स्विच खरंच मेला होता. तासभर एकाही गाडीचं वजन झालं नव्हतं, रांग पार हायवेपर्यंत. साहेबांनी लॉग उघडायला लावला. सॉफ्टवेअर सगळं लिहून ठेवतं. मेसेज बंद केले. करणाऱ्याचं नाव, आप्पा. रिटायर व्हायला त्यांचे दोन महिने राहिलेले.

"आप्पा, हे तुम्ही केलंत?"

"नाव तर माझंच हाय, साहेब. पन ह्या खोलीत आत्ता गप कोण हाय, तेवढं बघा."

साहेब माझ्याकडं वळले. आल्यापासून त्यांना मी तीन नकला करून दाखवल्या होत्या, आणि आता तोंडातनं ब्यां निघत नव्हतं. शेवटी म्हणालो, "मी केलं." तेही चक्क माझ्या आवाजात.

माझं नोकरीत कायम होणं सहा महिने लांबलं. बाहेर आल्यावर आप्पा एवढंच बोलले, "लांबलंय, गेलं न्हाई. चल, काट्यावर जाऊ. शिडी तू घ्यायची."

आता आप्पा दौंडला घरी असतात. रोज अकराला फोन येतो, "कोण गप हाय रं?" मी स्क्रीन बघून सांगतो. परवा अकरा वाजून गेले, फोन नाही. शेवटी मीच लावला.

"आप्पा, बरं हाय ना?"

"मला काय धाड भरलीया? बघत हुतो, तुला कवा कळतंय."

"वीस मिनिटात कळलं की!"

"वीस मिनिटं? तवर लांडगा जेवून, हात धुऊन बसला आसता."