शेवटच्या काचेवरचा लाल

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होते. माझा प्रश्न ऐकायला साधा होता. आरएनएचे तुकडे कापून-जोडून पेशी एकाच जनुकापासून दोन वेगळे संदेश बनवते. एकाच लुगड्यातून परकरही निघावा आणि पोलकंही, तसे. हे दोन्ही एकाच पेशीत असतात, की शेजारशेजारच्या पेशींत वेगवेगळे? उंदराचा मेंदू वाटून नळीत घातला की सगळ्या पेशींची खिचडी होते. म्हणून मी एका संदेशाला हिरवा आणि दुसऱ्याला लाल चमकणारा रंग लावून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी पाहत होते. परदेशातून मागवलेला रंग संपला होता, शिष्यवृत्तीही संपत आली होती. उरली होती रंग लावलेली एकच काच. तिचा फोटो मिळाला तर प्रबंध, नाहीतर पुण्याची गाडी.

या रंगांची एक खोड होती. पाहायला प्रकाश टाकावा, तर त्याच प्रकाशाने ते विझत जात. म्हणून ओझरतं बघायचं आणि लगेच कॅमेऱ्याचं बटण दाबायचं.

त्या दुपारी हिरव्या ठिपक्यांनी भरलेली पेशी एकदाची सापडली. मी हरखले. लाल पाहायला फिल्टर फिरवणार, एवढ्यात अंधाऱ्या खोलीचं दार उघडून माझे सर आत आले. सोबत त्यांचे वयोवृद्ध गुरू.

"ऊठ, सरांना पाहू दे," माझे सर म्हणाले.

उठले. गुरूंचे गुरू उभे असताना कोण बसून राहणार? म्हातारबुवांनी आधी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काचेवर प्रकाश पडतोच आहे आणि रंग विझतोच आहे!

"सर, आधी फोटो..."

"स्वल्प इरम्मा," ते मायेनं म्हणाले. थांब गं जरा. "किती सुंदर!" मग फिल्टर फिरवून त्यांनी लालही निरखला.

"सरी, सर," मी होकार भरला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मग माझे सर बसले. तेही रंगले, हिरवा, लाल, पुन्हा हिरवा.

माझी पाळी आली तेव्हा हिरवाही नाही, लालही नाही, नुसता काळोख होता. तरी मी वेड्यासारखं बटण दाबत राहिले. पुढे मल्लेश्वरमच्या स्टुडिओतून सगळे फोटो काळेच आले.

त्याच दुपारी चहा पिताना सरांचे गुरू म्हणाले, "दोन्ही रंग एकाच पेशीत. शंकाच नको."

"नाही सर, लाल शेजारच्या पेशीत होता," सर अदबीनं म्हणाले.

दोघांचा हसतखेळत वाद रंगला. कुणी हटेना. शेवटी दोघंही माझ्याकडे वळले.

"तूच सांग. लाल कुठे होता?"