मानोऱ्याच्या उन्हातली अंडी

रत्नागिरीहून निघताना नवऱ्यालाही खरं सांगितलं नव्हतं. मला दिवस गेले होते. मागच्या वेळी सगळ्यांना सांगून बसले आणि आठव्या आठवड्यात सगळं संपलं. या वेळच्या पहिल्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी दहा दिवसांनी यायला सांगितलं. तेवढे दिवस घरात बसले असते तर वेडी झाले असते, म्हणून कामाला निघाले.

माझं काम समुद्राचं. पाणी तापलं की सी अर्चिनच्या (काटेरी चेंडूसारखा समुद्रजीव) गर्भाचं पहिल्या काही दिवसांत काय बिघडतं, ते मी सूक्ष्मदर्शकाखाली बघते. जमिनीवरच्या अंड्यांचं काय होतं, ते बघायला मे महिन्यातल्या वाशीम जिल्ह्याइतकी चांगली जागा मला सुचली नाही. हा शहाणपणा माझाच.

मंगरुळपीर सोडल्यावर एसटी बंद पडली. सावलीला एक बाभूळ, तीही चाळीस जणांत वाटून घ्यायची. तापलेल्या पाण्यात गर्भ कसे वेडेवाकडे वाढतात, ते मी शेकडो वेळा पाहिलंय. ते सारं त्या तासाभरात डोळ्यांपुढून गेलं. ओला रुमाल पोटावर धरून उभी राहिले. मला फार भीती वाटत होती.

मानोऱ्याहून रिक्षाने तांड्यावर (बंजारा वस्ती) पोचले. ज्यांच्याकडची अंडी बघायला आले होते, त्या कमलाबाईंनी आधी पाणी दिलं, मग चहा. चहाचा वासही सहन होईना. मी कप बाजूला ठेवला. त्यांनी ते पाहिलं.

त्यांची खुडूक (अंड्यांवर बसलेली) कोंबडी टिनाच्या खोलीत, टोपल्यात होती. टोपल्याभोवती ओलं पोतं. दार लावून कमलाबाईंनी पत्र्याच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत एकेक अंडं धरलं. सात दिवसांची अंडी. आत लाल शिरांचं जाळं.

"हे जित्तं हाय. हे बी."

पाचव्या अंड्यात जाळं नव्हतं, नुसतं रक्ताचं कडं होतं. त्या बोलायच्या आधीच मी ओळखलं.

"हे गेलं," त्या म्हणाल्या.

"उन्हानं?"

"असंन. नसंन बी. कोण सांगते?"

मेलेला गर्भ कुठल्या दिवशी थांबला, हे अंडं फोडल्याशिवाय कळत नाही. तेवढ्यासाठीच मी एवढी लांब आले होते. मी पेटी उघडून चिमटा काढला.

कमलाबाईंनी अंडं माझ्या हातातून काढून घेतलं. "तुमाले दिवस हायेत ना? मंग कायले फोडता? आमच्याकडं पोटुशी बाई बसवलेलं अंडं फोडत नाई. गेलेलं बी नाई."

आजवर मी हजारो गर्भ काचपट्टीवर घेतले आहेत. असल्या समजुतींवर भाषणंही दिली आहेत. तरी मी चिमटा पेटीत ठेवला. त्यांनी ते अंडं कडुलिंबाखाली पुरलं. मी नुसती बघत उभी राहिले.

"घरी सांगतलं?"

"नाही."

"एकटीनं भेऊन राह्यल्या तुमी. घरी जा, सांगा त्याईले."

परत आल्यावर सांगितलं. दहाव्या दिवशी नवरा बरोबर आला. डॉक्टरीणबाईंनी पडदा माझ्याकडे वळवला आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी बघितल्याशिवाय न मानणारी मी.

"ठोके आहेत," त्या म्हणाल्या. "बघा ना."

शेजारून नवऱ्याच्या रडण्याचा आवाज येत होता. मला मात्र मागच्या वेळचा आठवा आठवडा दिसत होता. डोळे उघडायला फार वेळ लागला.