शेठजींच्या सत्काराची शाल

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार ओतूरच्या कापडवाल्या शेठजींचे आहेत. माझ्या धाकट्या बहिणीसारख्या स्वमग्न मुलांसाठी आळेफाट्यावर केंद्र निघालं, ते त्यांच्या देणगीतून. उद्घाटनाला आम्ही रीतीप्रमाणे बँड लावला. पहिल्याच ठोक्याला बहीण कान दाबून टेबलाखाली शिरली. पुढे ती केंद्राच्या दारातूनच मागे फिरायची.

शेठजी म्हणाले, "परत उद्घाटन करू, राव. वाजवायचं काय नाय."

"आन् भाषणं?" सरपंचांनी विचारलं.

"ती तर आधी बंद."

फीत गुपचूप कापली. घरातला पहिला पदवीधर म्हणून आभाराचं पत्र मी लिहिलं:

"आदरणीय शेठजी, सा. नमस्कार. बहीण आता केंद्रात रोज जाते. सत्काराची शाल तुम्ही टेबलावर विसरलात. शालीचा पडदा करून बहीण टेबलाखाली बसते. बाईही तिथंच बसून शिकवतात. शाल परत मिळणं अवघड दिसतं."